मी चुकीच्या मुलीला बोलावलं

मुख्याध्यापकांनी मला वर्गाच्या दारातच थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, पाळी चालेल, आहार चालेल, स्वच्छता तर चालेलच. त्याच्या पुढचं नको."

"सर, पुढचं सांगायलाच मला पाठवलंय."

त्यांनी वर्गात नजर टाकली. दहावीच्या मुली दोन-दोन, तीन-तीन करून बाकांवर बसल्या होत्या. "गाव लहान आहे," एवढंच बोलून ते कचेरीकडे वळले.

त्या वेळी मी दारव्हा तालुक्यात किशोरवयीन मुलींची समुपदेशक होते. सरकारी योजना, कंत्राटी नेमणूक, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश. सकाळी रुग्णालयातल्या टोकाच्या खोलीत बसायचं आणि दुपारी शाळा करायच्या. बोरी अरबला एसटीतून उतरायचं आणि ऑटोने आतल्या गावांत जायचं. शरीर कसं वाढतं, गर्भ कसा राहतो, तो राहू नये म्हणून काय असतं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला बाळंतपण का जड जातं, आणि अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा का आहे, हे सगळं नववी-दहावीच्या मुलींना समजावून सांगणं हे माझं काम. मुलांचा वर्ग माझा एक सहकारी वेगळा घ्यायचा.

त्या दिवशी मी सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांना नको होतं तेही सांगितलं. सुरुवातीला मुली बाकाच्या लाकडाकडे बघत होत्या, मग हळूहळू माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी मी बुटांचा रिकामा खोका फिरवला आणि म्हणाले, "जे विचारायचंय ते लिहा. नाव लिहू नका. चिठ्ठी कोणाची आहे हे मी कधीही शोधणार नाही. हा माझा शब्द."

चिठ्ठ्या नेहमीसारख्याच होत्या. पाळीत हात लागला तर लोणचं खरंच नासतं का? पोट फार दुखत असेल तर गोळी घ्यावी का? मोबाईलवर दिसतं ते खरं असतं का? मी एकेक वाचून उत्तर देत गेले. मग एक चिठ्ठी उघडली आणि वाचायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं.

"लग्न झाल्यावर लेकरू लगेच होऊ नये म्हणून काय करावं? घरच्यांना न सांगता होते का? तुळशीच्या लग्नानंतर माझं आहे."

समोर सव्वीस मुली. त्यांतली एक आत्ता माझ्या चेहऱ्याकडे बघत असणार, हे मला माहीत होतं. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि "उरलेल्या पुढच्या बुधवारी" म्हणून वर्ग संपवला.

तुळशीच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते.

शिक्षकांच्या खोलीत वर्गशिक्षिका मराठीच्या वह्या तपासत बसल्या होत्या. मी त्यांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेल्या.

अर्ध्या तासापूर्वी मी त्या मुलींना शब्द दिला होता. तरी मी वह्या उघडल्या. स्वतःला सांगत होते की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा जीव महत्त्वाचा की माझा शब्द. हे मला त्या वेळी इतकं बरोबर वाटलं की मी दुसऱ्यांदा विचारच केला नाही.

अडचण अशी की सगळ्यांचं अक्षर सारखंच. चौथीपर्यंत एकाच गुरुजींनी सगळ्यांकडून गिरवून घेतलेलं, गोल आणि उजवीकडे कललेलं. तरी एका वहीतल्या 'झ'ची शेपटी मला चिठ्ठीतल्या 'माझं'सारखी वाटली. वही पहिल्या बाकावरच्या मुलीची होती. आणि तिच्या हातांवर मेंदी होती, कोपरापर्यंत, थोडी फिकी झालेली. ती मी वर्गातच पाहिली होती. माझ्यापुरता प्रश्न सुटला.

दुसऱ्या दिवशी, माझा वार नसताना, मी पुन्हा त्या शाळेत गेले. शिपाई वर्गात जाऊन तिला घेऊन आला. ती दारात उभी राहिली, हुशार चेहऱ्याची, दोन वेण्या घट्ट वर बांधलेली.

"तुझं लग्न ठरलंय का?" मी विचारलं.

"माहं? नाई जी."

"मेंदी कशाची?"

"चुलत बहिणीचं लगन होतं." ती गोंधळली होती. मग तिला काहीतरी उमगलं आणि तिचा चेहराच बदलला. "मॅडम, तुमी थे चिठ्ठी माही समजून राह्यले काय? माही नाई. आईची शप्पथ माही नाई."

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. घाबरलेल्या मुली असंच बोलतात, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. "घाबरू नको, मी कोणालाही सांगणार नाही," मी म्हणाले. आदल्या दिवशी मोडलेला शब्द मी तिला पुन्हा एकदा दिला. ती रडायला लागली. मी रुमाल पुढे केला, तो तिने घेतला नाही. लाल डोळ्यांनी ती वर्गात परत गेली.

पुढचं मी पाहिलं नाही, नंतर कळलं. दवाखान्याच्या मॅडम मुद्दाम एका पोरीसाठी आल्या, तिला एकटीला बोलावलं, ती रडत बाहेर आली. एवढं गावाला पुरलं. संध्याकाळपर्यंत त्या मुलीला दिवस गेलेत हे सगळ्यांना "माहीत" झालं होतं. कोणी दुसरा महिना म्हणत होतं, कोणी तिसरा.

शुक्रवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. "तिचे वडील येऊन गेले. मुलगी शाळेत येणार नाही म्हणतात. आणि मॅडम, तुम्हीही काही दिवस येऊ नका."

फोन ठेवला तेव्हा मी रुग्णालयातल्या माझ्या खोलीत होते. भिंतीवर हसऱ्या मुलीचं सरकारी पोस्टर होतं, तिच्या बाजूला 'तुमची गुपिते आमच्याकडे सुरक्षित' असं लिहिलेलं. बाहेर दोन मुली नंबर लावून बसल्या होत्या. मला त्यांना आत बोलवायची भीती वाटली.

शनिवारी वर्गशिक्षिकांना सोबत घेऊन मी त्या मुलीच्या घरी गेले. वडील अंगणात उभे होते. "बसा" म्हणाले नाहीत. दोन-तीन घरांच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या.

"माह्या पोरीचं नाव गावभर केलं तुमी," ते म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू बोलत होते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुमच्या मुलीचं काहीही नाही. दुसऱ्या कोणाबद्दल विचारायचं होतं, मी चुकून हिला बोलावलं."

"तुमचं लगन झालं काय मॅडम?"

"नाही."

"मंग तुमाले काय समजते, पोरीचं नाव निघालं म्हणजे काय होते थे? उद्या हिच्यासाठी कोण येईन?"

मुलगी घरात होती. दाराच्या फटीतून तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं, पण ती बाहेर आली नाही. मी दारापाशी जाऊन "माझं चुकलं गं" म्हणाले. ओढणीचं टोक आत सरकलं.

आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा मागून तिची आई भरभर आली. कापूस वेचून आलेली, बोटांची टोकं बोंडांनी ओरबाडलेली. मला वाटलं, आता हीसुद्धा बोलणार. ती बोलली, पण निराळं.

"तुमी शिकवा," ती म्हणाली. "थे पोट्टी मले घरी येऊन सगळं सांगे. मले या वयात नवं कळलं. शिकवणं बंद नका करू. पण एकटीले उठवून नेऊ नका. न्यायचं तर समद्याइले न्या."

एवढं बोलून ती परत फिरली. मी रस्त्यात उभी राहिले. इतकी साधी गोष्ट मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती.

सोमवारी मी मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसले. म्हणाले, "सर, बुधवारी दहावीच्या सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासते. रोल नंबरने, एकेक करून, प्रयोगशाळेत. कोणी सुटणार नाही. आहारात बसतं ना?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "आधी ती मुलगी शाळेत आली पाहिजे. त्याशिवाय नाही."

मी त्यांना भित्रा माणूस समजत होते. त्याच संध्याकाळी ते गावातल्या चहाच्या टपरीवर गेले. बातमी तिथूनच फिरत होती. बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले की दवाखान्याच्या मॅडमची नावात गफलत झाली, पोरीचा काही संबंध नाही, आणि यापुढे कोणाला काही बोलायचं असेल तर आपल्याला येऊन सांगावं. मग मुलीच्या घरी जाऊन तासभर बसले. बुधवारी ती शाळेत आली. पहिल्या बाकावर बसली नाही. शेवटच्या बाकावर, भिंतीकडे बसली.

प्रयोगशाळेत मी एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. एकेक मुलगी आत यायची. बोट टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, आकडा लिहायचा, लोहाच्या निळ्या गोळ्या द्यायच्या, आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, "काही बोलायचंय?" प्रत्येकीला सारखाच वेळ. बाहेर वर्गशिक्षिका नंबर पुकारत होत्या.

शेवटच्या बाकावर गेलेली ती आली. बोट पुढे केलं आणि मान खिडकीकडे वळवली. "काही बोलायचंय?" या प्रश्नावर तिने नुसती मान हलवली. मी आकडा लिहिला. चुकला, पुन्हा लिहावा लागला.

एकोणीस नंबरची मुलगी बारीक होती, खिडकीजवळ बसणारी. वर्गात ती कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. सुई टोचली तरी तिने बोट हलवलं नाही.

"थे चिठ्ठी माही होती," ती म्हणाली.

मी पट्टी खाली ठेवली.

"तिले काहून बोलावलं तुमी? थे रोज रडून राह्यली. माह्यामुळे झालं." तिचे डोळे कोरडे होते, पण श्वास लागल्यासारखी बोलत होती. "मले वाटलं, सांगतलं नाई तर थे शाळाच सोडन."

तिने सगळं भराभरा सांगितलं. मुलगा राजूरकडचा, कोळशाच्या खाणीत कामाला. पत्रिका छापून झाल्या होत्या, वाटायच्या होत्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. स्थळ चांगलं, माणसं चांगली. "लगन मोडा असं नाई म्हणत मी," ती म्हणाली. "मले फक्त गोळ्या सांगा. माह्या ताईसारखं होऊ नये मले."

तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला, झटके आले. तिला यवतमाळला नेलं, ती वाचली, बाळ वाचलं नाही. आता ती माहेरीच होती.

बाहेरून आवाज आला, "वीस नंबर!" मी ओरडून म्हणाले, "पट्टी बिघडली, दोन मिनिटं थांबा!"

मग मी तिला गोळ्या, निरोध, तांबी यांबद्दल सांगितलं, काहीही न लपवता. कारण तिने विचारलं होतं आणि उत्तर तिच्या हक्काचं होतं. पण त्यानंतर म्हणाले, "तू अजून सोळाचीही नाहीस. हे लग्न होणार हे कळल्यावर मी गप्प बसले तर तो माझाही गुन्हा होईल. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पण तुला विचारल्याशिवाय मी तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही. आधी कोणाशी बोलू? तू सांग."

तिने नखाने टेबलाचं लाकूड खरवडलं. बाहेर मुलींची कुजबुज वाढत होती. मला वाटलं, आता ती उठून जाईल, आणि मग माझ्या हातात काहीच राहणार नाही.

"ताईशी," ती म्हणाली आणि निळ्या गोळ्या उचलून बाहेर गेली. इतर मुलींसारखीच, बोट कापसाने दाबत.

धाकटीकडून निरोप मिळाल्यावर ताई दुसऱ्या दिवशी रुग्णालयात आली. एकोणीस वर्षांची, पण चालणं पस्तिशीतल्या बाईसारखं. रक्तदाब तपासायचा म्हणून घरून निघाली होती. तो खरंच तपासावा लागला. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "रविवारी बाबा घरी असते. तुमी ग्रामसेवकाले घेऊन या. पण मी बोलल्याबिगर तुमी बोलू नका."

गावात बालविवाह रोखायची जबाबदारी कायद्याने ग्रामसेवकाची. ते यायला तयार नव्हते, पण मी लेखी अर्ज दिल्यावर आले. रविवारी आम्ही गेलो तेव्हा घरासमोर मांडवासाठी बांबू आणून टाकलेले होते.

मी गप्प राहायचं ठरलं होतं. पण ग्रामसेवकांनी बसल्या बसल्या कागद काढून कायदा वाचायला सुरुवात केली. मुलीचे वडील ताडकन उठले.

"कोणं सांगतलं तुमाले? कोण्या शाळेतल्या मास्तरनं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "का ह्या बाईनं? मागच्या हप्त्यात एका पोरीचं नाव खराब केलं, आता माह्या घरात आली. निघा. आत्ताच्या आत्ता निघा."

ग्रामसेवक कागदाची घडी करायला लागले. मीही उठले. मधलं दार उघडं होतं. ताई तिथे येऊन उभी राहिली. तिच्यामागे धाकटी, चौकट धरून.

"बाबा," ताई म्हणाली, "मले यवतमाळले नेलं तवा गाडीत माहे पाय तुमी धरले होते?"

"आता तो विषय कायले?"

"मले झटके येत होते. मले कायबी आठवत नाई, डॉक्टरनंच सांगतलं का तुले आठवणार नाई. तुमाले आठवते का नाई?"

वडिलांचा हात अजून दाराकडे, आम्हाला बाहेर दाखवत तसाच होता.

"तुमाले आठवते," ताई म्हणाली. "मले ठाऊक हाय. तुमी अजून झोपेत दचकून उठता. हिच्या वक्ताले मी नाई बसणार त्या गाडीत. तुमीच बसा."

वडील खाली बसले. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून. मी तोपर्यंत इतके आकडे, इतकी चित्रं, इतकी पत्रकं घेऊन गावोगाव फिरले होते, आणि त्या खोलीत त्यांतलं काहीही माझ्या तोंडातून निघत नव्हतं, निघायची गरजही नव्हती.

शेवटी ते ग्रामसेवकांना म्हणाले, "आणा. कुठं सही करू?"

अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र होतं. सही करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलाकडच्यांना फोन त्यांनीच केला. पुढे वर्षभर त्या दोन घरांत बोलणं नव्हतं, भावकीतले काही लोक त्यांच्याकडे जेवायला येईनासे झाले, असं मला नंतर कळलं. मांडवाचे बांबू बरेच दिवस तिथेच पडून होते. मग कोणीतरी नेले.

ती खिडकीजवळची मुलगी दहावीला गणितात नापास झाली, पुन्हा बसून पास झाली, दारव्ह्याला बारावी केली. आता यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम करते आणि दोन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. वर्षातून एखादा फोन करते. वडील दरवर्षी लग्नाचं विचारतात, ती दरवर्षी "पुढच्या साली" म्हणते. हे सांगताना ती हसते.

माझी शिकवण्याची पद्धत तेव्हापासून बदलली. खोका फिरवायच्या आधी मी मुलींना स्पष्ट सांगते की कोणती गोष्ट माझ्याकडे राहील आणि कोणती मला सांगावीच लागेल. एकटीला कधी बोलवत नाही. सगळ्यांना बोलावते, मग त्यात जिला बोलायचं ती बोलते. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावलं आणि दारात थांबवून काही सूचना केल्या नाहीत.

पण पहिल्या बाकावरची ती मुलगी माझ्या कोणत्याही वर्गात पुन्हा एक शब्द बोलली नाही. आधी ती सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची, हे मला वर्गशिक्षिकांनी सांगितलं. दहावीला ती शाळेत दुसरी आली. मी अभिनंदनाचं पत्र लिहिलं, पाठवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात दारव्ह्याच्या बाजारात तिची आई भेटली. तिने मला लगेच ओळखलं. मुलगी अमरावतीला शिकते, होस्टेलवर राहते, बरं चाललंय, असं तिने सांगितलं. निघताना मी म्हणाले, "तिला माझा निरोप सांगा. म्हणावं, मी विचारत होते."

तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सांगतो," ती म्हणाली. "पण मॅडम, खरं सांगू? थे अजून तुमचं नाव काढू देत नाई."

मी मान हलवली. तिची बस लागली होती, ती गेली.